दोनशे मीटरांच्या पुढे

वणी-वरोरा महामार्गाच्या कडेला बांबूचा दोनशे मीटर लांबीचा संरक्षक कठडा उभारण्यात आल्याची घोषणा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ४ मार्च २०२३ रोजी केली, तेव्हा जगात अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयोग असल्याचे सांगण्यात आले. कठड्याचे नावही मोठे गमतीचे ठेवले गेले: 'बाहुबल्ली'. यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांना जोडणारा हा रस्ता कोळशाच्या मालमोटारींचा. तेथे पोलादी पत्र्याच्या जागी बांबू उभा करावयाचा, आणि तोही शोभेसाठी नव्हे तर भरधाव वाहनाचा आघात सोसण्यासाठी, हे धाडस लहान म्हणता यावयाचे नाही. पिथमपूर येथील राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रात त्याची कसोटी घेण्यात आली होती. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत आगीच्या चाचणीत त्याला पहिली श्रेणी मिळाली होती. इंडियन रोड्स काँग्रेसची मान्यताही लाभली होती. विदर्भाच्या एका कोपऱ्यात झालेल्या या प्रयोगाचे कौतुक झाले ते यथायोग्यच होय.

कौतुकाचा भर ओसरल्यावर मात्र एक साधा प्रश्न उरतो. दोनशे मीटरांच्या पुढे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये यवतमाळच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते याच वरोरा-वणी रस्त्याच्या चौपदरीकरणाचे लोकार्पण झाले. देशातील राष्ट्रीय महामार्गांची लांबी आज सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर भरते. त्या मानाने दोनशे मीटर म्हणजे दर्यात खसखस. नवी वस्तू सापडणे आणि सरकारने ती नित्य विकत घेऊ लागणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते प्रयोगशाळेत कापले जात नाही. ते कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात, अंदाजपत्रकाच्या रकान्यांत कापावे लागते. तेथपर्यंत प्रयोग पोचला नाही तर त्याची गत कृषिप्रदर्शनातील भल्याथोरल्या भोपळ्यासारखी होते: सर्वांनी पाहावे, छायाचित्र काढावे आणि घरी जाऊन नेहमीचेच बियाणे पेरावे.

सार्वजनिक बांधकामातील खरेदीचे स्वरूप सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. सरकार खडी विकत घेत नाही, मुरूम विकत घेत नाही, वाळूही घेत नाही. सरकार तयार रस्ता विकत घेते. माल कोठून आणावयाचा, कोणाकडून आणावयाचा हे कंत्राटदार पाहतो. सरकारच्या हाती राहतात त्या तीन गोष्टी: कामाचे विनिर्देश, दरसूची आणि निविदेच्या अटी. अभियंता दरसूची उघडतो, तीतील बाबी व दर उचलून अंदाजपत्रक तयार करतो, त्यावर निविदा निघते आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्यास काम मिळते. जी बाब दरसूचीत नाही तिच्यासाठी वेगळे दरपृथक्करण करावे लागते, वरिष्ठांची मान्यता घ्यावी लागते आणि पुढे लेखापरीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला एकट्याने उत्तर द्यावे लागते. हा उपद्व्याप कोणता शहाणा अभियंता करील? तेव्हा पर्यावरणाची कितीही परिपत्रके निघोत, दरसूचीत जे नाही ते रस्त्यावर येत नाही.

लहान उद्योगांकडून खरेदी व्हावी म्हणून केंद्राने २०१२ साली जे धोरण जारी केले त्याचा अनुभवही हेच सांगतो. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीचा चौथा हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे आज त्या धोरणाचे बंधन आहे. उद्देश उत्तम. पण ते बंधन वस्तू आणि सेवांच्या खरेदीस आहे, बांधकामाच्या कंत्राटांना नाही. साहजिकच टेबल-खुर्च्यांना धोरण लागू झाले. रस्ते, कालवे आणि पूल, जेथे खरा पैसा जातो, ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

यवतमाळ जिल्ह्यात ही विसंगती जितकी ठळकपणे दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. जिल्ह्याची बरीच भूमी काळ्या कापसाच्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि आपल्या पाठीवरचा रस्ता मोडून टाकते. म्हणून तिच्यावर मुरमाचे थर द्यावे लागतात. मुरूम येतो टेकड्या पोखरून. वाळू येते वर्धा आणि पैनगंगेच्या पात्रांतून. त्याच वेळी वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उकणी, निलजई यांसारख्या उघड्या खाणींच्या कडेला कोळशावरची काढून टाकलेली माती आणि दगड यांचे डोंगर उभे आहेत. शेजारी चंद्रपूरला २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे आणि जेथे असे केंद्र तेथे राखेचे तलाव हे आलेच. एका बाजूला निसर्गाने दिलेल्या टेकड्या खणून सपाट करावयाच्या आणि दुसऱ्या बाजूला माणसाने केलेल्या टेकड्या तशाच ठेवावयाच्या, असा हा व्यवहार आहे.

आणि यासाठी कायदा नाही असेही नाही. औष्णिक केंद्रांची राख बांधकामात वापरावी अशी केंद्राची पहिली अधिसूचना सप्टेंबर १९९९ ची. तेव्हा ठरलेली अंतराची मर्यादा पुढे दोनदा वाढविली गेली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार कोळशावर चालणाऱ्या केंद्रापासून तीनशे किलोमीटरांच्या आत रस्त्याचे भराव घालणाऱ्या संस्थांनी राख वापरणे बंधनकारक असून ती कामाच्या जागी विनामूल्य पोचविण्याचा खर्च वीज केंद्राने सोसावयाचा आहे. यवतमाळ जिल्हा चंद्रपूरपासून या मर्यादेच्या कितीतरी आत आहे. माल फुकट, वाहतूक फुकट आणि वर कायद्याची सक्ती! यापेक्षा अधिक अनुकूल अशी कोणती परिस्थिती असू शकते? एवढ्यावर राखेने मुरमाची जागा केव्हाच घ्यावयास हवी होती. पण अंदाजपत्रकात भरावाच्या बाबीपुढे मुरमाचा दर आणि मुरमाची वाहतूक धरली गेली की राख वापरून कंत्राटदाराच्या हाती काही अधिक पडत नाही. उलट तिची ओल राखा, थर दाबा, दोन्ही बाजूंना मातीचे आवरण द्या ही कटकट तेवढी वाढते. सक्ती कागदावर राहते ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. सक्तीची अधिसूचना एका खात्याची आणि दराचा रकाना दुसऱ्या खात्याचा, एवढेच कारण त्याला पुरते.

वाळूच्या बाबतीत राज्य शासनाने एक पाऊल पुढे टाकले आहे, हे मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२५ च्या वाळू धोरणात शासकीय व निमशासकीय बांधकामांत सुरुवातीस वीस टक्के कृत्रिम वाळू वापरण्याचे बंधन घातले गेले. हे बंधन सरकारने स्वतःवर, म्हणजे गिऱ्हाईक या नात्याने, घालून घेतले आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. नागपूर जिल्ह्यात भानेगाव खाणीवर वेस्टर्न कोलफील्ड्सने काढून टाकलेल्या मातीतून वाळू वेगळी करून ती स्वस्त घरकुलांसाठी पुरविली, हा दाखला तर घरचाच आहे. दगड फोडून वाळू करावयाची म्हटले तर पुन्हा एक टेकडी जाते. खाणीच्या ढिगाऱ्यातील वाळूला ती किंमत मोजावी लागत नाही. वीस टक्क्यांच्या अटीत हा भेद केला गेला तर वणीच्या ढिगाऱ्यांना प्रथमच गिऱ्हाईक मिळेल. बुलडाणा जिल्ह्यात महामार्गासाठी लागणारी माती गावतळी आणि नाले खोल करून घेण्यात आली, रस्ताही झाला आणि पाणीही साठले, तेही असेच अट बदलल्यामुळे घडले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सर्वांत कमी दराचा नियम कितीही आंधळा असला तरी तो भ्रष्टाचाराविरुद्धची शेवटची भिंत आहे, असे अनेक प्रामाणिक अधिकारी मानतात. ती भिंत पाडून 'गुणवत्ता', 'पर्यावरण', 'स्थानिक हित' असे निसरडे शब्द निविदेत आणले की मर्जीतल्या माणसाला काम देण्याची वाट मोकळी होते, असे त्यांचे म्हणणे. विदर्भाने तरी या म्हणण्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. सिंचन प्रकल्पांच्या वाढीव किमतींचे प्रकरण, २०१२ ची श्वेतपत्रिका आणि त्यानंतरची माधवराव चितळे यांची समिती हा इतिहास फार जुना नाही. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या कामांची जी चर्चा झाली ती यवतमाळच्या शेतकऱ्याने कोरड्या कालव्याच्या काठावर बसून ऐकली आहे. अधिकाऱ्यांना अधिक स्वेच्छाधिकार द्या, असे आज कोणी या जिल्ह्यात म्हणेल तर लोक त्याच्याकडे संशयाने पाहतील आणि ते योग्यच ठरेल.

परंतु स्वेच्छाधिकार न वाढविताही गणित बदलता येते. नेदरलँड्समध्ये रस्ते आणि जलव्यवस्थापन पाहणारे सरकारी खाते निविदेतील मालाच्या पर्यावरणीय हानीची ठरलेल्या सूत्राने पैशात किंमत काढते आणि ज्याची हानी कमी त्याच्या निविदेला तुलनेपुरती सूट धरते. काम मिळते ते शेवटी आकड्यावरच. मर्जीला वाव राहत नाही. जपानने २००० साली हरित खरेदीचा कायदा केला आणि सरकारी कामांत घ्यावयाच्या वस्तूंची यादीच जाहीर करण्याची पद्धत घातली. पुन्हा वापरात आणलेल्या खडीपासून झोतभट्टीच्या मळीच्या सिमेंटापर्यंत अनेक जिन्नस तीत आले. आपल्याकडेही केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांद्वारे, काही कामांत तांत्रिक गुणांना तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली आहे. दार किलकिले झाले आहे. मात्र मुभेचा उपयोग करण्याचे धैर्य एकट्या अभियंत्याकडून मागण्यापेक्षा यादी आणि सूत्र आधीच छापून त्याच्या हाती देणे अधिक व्यवहार्य. लेखापरीक्षकाला तो पान क्रमांक दाखवू शकला पाहिजे.

कमी दर म्हणजे नेमका कोणता दर, हाही प्रश्न आहेच. रस्ता बांधण्याचा पैसा भांडवली लेखाशीर्षातून येतो, दुरुस्तीचा महसुली. बांधणारा अधिकारी बदलून गेलेला असतो, तोवर खड्डे बुजविण्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यात आलेले असते. त्यामुळे वीस वर्षांत मिळून काय खर्च झाला हे विचारणारा कोणीच उरत नाही. येथे यवतमाळकरांच्या जिव्हाळ्याच्या शकुंतला रेल्वेची आठवण होणे अपरिहार्य आहे. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेल्या त्या अरुंदमापी लोहमार्गावरचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडविलेले. ते १९२३ पासून धावू लागले आणि एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झाले. त्या कंपनीचे हेतू परोपकाराचे खासच नव्हते. नफ्यावर डोळा ठेवून केलेली ती खरेदी होती. पण सात दशके चाललेल्या वस्तूची दर वर्षाची किंमत काढली तर आजचे किती 'न्यूनतम दर' तिच्यापुढे टिकतील?

बांबूच्या कठड्याला हीच कसोटी लावली पाहिजे आणि त्यात भावनेला थारा देऊ नये. पोलादी कठड्याच्या साहित्यापैकी तीस ते पन्नास टक्के मूल्य पुन्हा हाती येते, बांबूच्या बाबतीत ते पन्नास ते सत्तर टक्के असते, असे मंत्र्यांच्या घोषणेत म्हटले होते. पण पोलादाचे भंगार कोणत्याही गावी वजनावर विकले जाते. जुन्या, लेप दिलेल्या बांबूचा भाव सांगणारा भंगारवाला अद्याप जन्मास यावयाचा आहे. शिवाय हा बांबू रानातून तोडला आणि ठोकला असा नाही. त्याला क्रिओसोट तेल पाजलेले आहे आणि वर पुनर्वापरातील प्लॅस्टिकचा थर दिलेला आहे. क्रिओसोट म्हणजे कोळशाच्या डांबरापासून निघणारे तेल, पूर्वी रेल्वेचे लाकडी स्लीपर त्यातच मुरवीत; युरोपात त्याच्या वापरावर आता कडक निर्बंध आहेत. हा दोष प्रयोगाला नाकारण्यासाठी सांगावयाचा नाही. 'हरित' हे विशेषण एकदा लागले की पुढची चौकशी थांबते, ती थांबू नये, इतकाच त्याचा अर्थ.

बांबू कोणता, हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा. कठड्यासाठी वापरलेली बाल्कोआ ही जात मूळची ईशान्येकडील. विदर्भाच्या जंगलात वाढतो तो मानवेल आणि काटांग. नव्या मागणीसाठी शेतकऱ्याने बाल्कोआची रोपे विकत आणून लावावीत असे म्हणणे सोपे आहे. २०१७ साली वन कायद्यातील दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला आणि तोडणी-वाहतुकीची एक मोठी अडचण दूर झाली, हेही खरे. परंतु बांबूचे पहिले उत्पन्न हाती यावयास चार-पाच वर्षे लागतात आणि सरकारी अंदाजपत्रकाचे आयुष्य मार्चअखेर संपते. कपाशीत हात पोळलेल्या यवतमाळच्या शेतकऱ्याने पाच वर्षे शेत अडकवून ठेवावे ते कोणाच्या भरवशावर? महामार्ग प्राधिकरण आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांनी येत्या दहा वर्षांत किती मीटर बांबू, कोणत्या जातीचा, किती जाडीचा आणि किमान कोणत्या दराने घेणार हे आज लिहून दिले तरच त्या लागवडीला अर्थ. मानवेलावर त्याच चाचण्या करून तो चालतो किंवा चालत नाही हे स्पष्ट सांगितले गेले तर वनहक्क कायद्याखाली जंगलाचे हक्क मिळालेल्या ग्रामसभांनाही आपला हिशेब मांडता येईल. गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले, तेव्हा हक्क आला. मोठा आणि विश्वासू गिऱ्हाईक मात्र कायद्याने मिळत नसतो. आणि या सगळ्यात वनखात्याच्या आगारातून सवलतीने बांबू घेऊन सुपे-टोपली विणणाऱ्या बुरुडाचे काय होणार याचाही विचार आधी झालेला बरा. रस्त्याची भूक मोठी असते. तिच्या पंगतीत त्याचे ताट मांडून ठेवले नाही तर भाववाढीचा पहिला फटका त्यालाच बसेल.

सरकार गिऱ्हाईक झाले की सारे सुरळीत होते, असा भाबडा विश्वास या जिल्ह्यात कोणी बाळगू शकणार नाही. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने तो अनुभव पुरता दिला आहे. हमीचा भाव हे तिचे बळ होते आणि कित्येक कुटुंबांना तिने आधारही दिला. पण प्रतवारीचे वाद, खरेदी केंद्रापुढे लागलेल्या बैलगाड्यांच्या रांगा आणि लांबलेले चुकारे यांनी त्या आधाराची धार बोथट केली. भाव ठरविणे आणि पैसे वेळेवर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कापूसकऱ्याइतके कोणाला कळणार? २०२५ साली राज्यातील कंत्राटदारांना थकीत देयकांसाठी आंदोलने करावी लागली. मोठा कंत्राटदार बँकेच्या जोरावर वर्षभर तग धरतो. राखेच्या विटा पाडणारा बचत गट किंवा बांबूवर प्रक्रिया करणारी लहान सहकारी संस्था तीन महिन्यांत बसते. लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. पण माल कंत्राटदाराने घेतला आणि कंत्राटदाराचेच देयक शासनाकडे अडले, तर त्या पंचेचाळीस दिवसांची दाद लहान पुरवठादाराने व्यवहारात कोणाकडे मागावी? म्हणून राख, वाळू, बांबू यांचा समावेश असलेल्या कामांत अशा पुरवठादाराचा हिस्सा देयकातून थेट त्याच्या खात्यावर वळता करण्याची अट निविदेतच असली पाहिजे. कंत्राटदारांना ती रुचणार नाही, हे उघड आहे.

जिल्ह्यात कामांची वाण नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरांच्या लोहमार्गापैकी वर्धा-कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्यापुढच्या मार्गालाही भराव लागणारच. निम्न पैनगंगेचे धरण आणि कालवे आहेत. यांतील ज्या कामांची अंदाजपत्रके पुढे नव्याने होतील, त्यांत भरावाच्या बाबीपुढे राखेचा व खाणीतील मातीचा दर प्रथम धरावा आणि मुरूम वापरावयाचा तर तो का, याचे कारण अभियंत्याने लिहावे. आज राख वापरू इच्छिणाऱ्याला कारण द्यावे लागते. हे ओझे एकदा उलट खांद्यावर गेले पाहिजे.

आणि वणीच्या त्या दोनशे मीटरांचा हिशेबही जनतेपुढे यावा. पहिल्या पावसाळ्यापासून आजवर किती वाहने त्यावर आदळली, किती खांब बदलावे लागले, वाळवी लागली की नाही, लेप उन्हाने तडकला का, दुरुस्तीस किती खर्च आला आणि शेजारच्या पोलादी कठड्याला तेवढ्याच काळात किती आला, या नोंदींचे दोन-चार कागद यवतमाळ आणि चंद्रपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत कोणालाही पाहता येतील असे लावण्यास फारसा खर्च येणार नाही. त्यातून बांबू नापास झाला तरी चालेल. पुढच्या दरसूचीत त्याचे नाव घालावयाचे की नाही, हे मग त्या नोंदींवरून ठरवता येईल.